तोफकाकांचे श्वास

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी बोलकी पुस्तकं तयार करणाऱ्या त्या कार्यालयात तिला सगळे कानताई म्हणत. वाचणाऱ्याच्या आवाजातले चढउतार आवाक्यात आणायचे, हे तिचं काम. या खेपेला वाचत होते नाटकातून निवृत्त झालेले तोफकाका. ते गरजले की मीटरचा काटा लाल पट्टीत शिरे. कुजबुजले की पंख्याची घरघरच जास्त ऐकू येई.

तिनं मोठा आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर लावला आणि मग सगळंच ध्वनिमुद्रण वर उचललं. काकांनी ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

“बाई, मी काय बातम्या वाचतोय? असंच जाणार असेल तर दुसरा माणूस बघ.”

बारा प्रकरणं झाली होती, सात उरली होती.

घोडं कुठं पेंड खातंय ते पाहायला ती दोन्ही नमुने घेऊन मावशीकडे गेली. मावशीला दिसत नसे. ऐकताना तिचा हात आवाजाच्या बटणावर असे. मूळ वाचनाला तो दहा मिनिटांत चौदा वेळा फिरला. दाबलेल्याला एकदाही नाही. कानताई हरखणार, तोच मावशी म्हणाली, “काय गं, या गृहस्थांना दमा आहे का?”

दमा? तिनं पुन्हा ऐकलं. खरंच की! सगळं वर उचलताना वाक्यांमधले श्वासही शब्दांच्या पंगतीला येऊन बसले होते. इतके दिवस कानात तेल घालून ती फक्त शब्दच ऐकत आली होती.

मग तिनं कॉम्प्रेसरकडे थोडंच काम ठेवलं. बाकीचं हातानं. गर्जना जरा उतरवायची, कुजबूज जरा चढवायची, एकेक श्वास शोधून खाली घ्यायचा. एका प्रकरणाला दोन दिवस लागले.

या वेळी तिनं काकांनाही मावशीकडे नेलं. गोष्टीतली म्हातारी मुलाच्या कानात निरोप सांगू लागली तशी मावशी पुढे झुकली. बटणाला हात नाही.

“ऐकू येतंय ना?” काकांना राहवेना.

“शू! ती काय सांगतेय ते कळू द्या की!”

आपल्याच आवाजापायी दटावले गेलेले तोफकाकाही पुढे झुकून ऐकू लागले. जिना उतरताना मात्र थांबले.

“तेराव्या प्रकरणात ती म्हातारी जाते,” ते म्हणाले. “तिथं माझा एक श्वास येईल. तेवढा खाली घेऊ नकोस हं.”