पायाची गोळी, पोटाची गोळी

काकूंचा फोन आला तेव्हा मी बिट्टन मार्केटात भाजी घेत होते. "हे गेले गं..." एवढंच म्हणाल्या. मनोहरकाका टाऊनशिपमधले आमचे शेजारी, कारखान्यात फिटर होते. जाऊन महिना झाला, पण आठवायला बसलं की आधी त्यांचं भांडणच आठवतं.

मी शाळेत असताना लोखंडी प्लेट पडून काकांचा पाय चिरडला. नोकरी सुटली, क्वार्टर सोडून ते गेटाबाहेर राहायला गेले. कामावरची इजा म्हणून पायाच्या गोळ्या कारखान्याच्या दवाखान्यातून मिळायच्या. त्या गोळ्यांनी पोटात आग पडायची, पण पोटाचं औषध मिळेना. कंपाउंडर म्हणायचा, "चोट पैर में है भैया, पेट में नहीं।"

मग आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या बायकांनी भिशीसारखी पाळी लावली. दर खेपेला एकीने दवाखान्यात ॲसिडिटीची तक्रार करायची, गोळ्या काकूंकडे पोचवायच्या. काकांना पत्ता नाही. गणपतीत पाहुणे म्हणून आलेले दवाखान्याचे डॉक्टर माइकवरून म्हणाले, "आप लोग मिर्च कम कीजिए, पूरी लाइन को एसिडिटी है!" सगळे हसले. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्या आईपुढे आणून ठेवल्या. "वहिनी, दुखणं माझं आणि आजारी तुम्ही सगळ्या? मला माझ्या हक्काची गोळी हवी."

आता पोट जळतं म्हणून ते पायाची गोळीही टाळू लागले. दोन पायऱ्या चढताना ओठ चावायचे. मला तर रागच यायचा त्यांचा, असला कसला हट्ट! शेवटी मेडिकल बोर्डापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "साहब, पैर की गोली भी पेट से ही होकर जाती है।" मंजुरी मिळाली, पण एकेका महिन्याचीच. पोट अजून जळतंय हे दर महिन्याला दवाखान्याच्या खिडकीवर जाऊन सांगायचं. काका वर्षानुवर्षं पाय ओढत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखे.

तेराव्यानंतर काकू उरलेल्या गोळ्या परत करायला निघाल्या. "हक्क त्यांचा होता, माझा नाही," म्हणाल्या. मी सोबत गेले. कंपाउंडरने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत सरकवलं. "दी हुई दवा वापस नहीं होती, आंटी।"

काकू एकदम हसल्या. "आधी देत नव्हते, आता घेत नाहीत गं," म्हणाल्या... आणि तिथल्याच बाकावर बसून, ते गेल्यापासून पहिल्यांदाच, रडल्या.