रिसीव्हरची गवसणी

हा मूर्खपणा मी कुणाला सांगणार नव्हतो. पण चहा ओतलाच आहे तुम्ही, तर ऐका. फक्त आमच्या घरी आलात तर विषय काढू नका.

आमचे सासरे घाटनांदूरचे. भीमगीतं गायचे, ढोलकीही स्वतःच वाजवायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या कार्यक्रमाची एकच कॅसेट होती. पुतण्याने ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि घेता घेता फीत तुटली. म्हणजे आता सासरे उरले बोटभर पेन ड्राइव्हमध्ये. माझी बायको कमल मोबाइलवर ऐकून म्हणाली, "आवाज बाबाचाच हाय, पण ढोलकी डबडं बडवल्यावानी वाटती."

हे मी मनाला लावून घेतलं. पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला काम स्वतःहून अंगावर घ्यायची सवय नसते. मी घेतलं. महिनाभर साउंड सिस्टिमची माहितीपत्रकं वाचली, तक्ते आखले आणि इथल्याच, परळीतल्या सलीमभाईंच्या दुकानात गेलो.

"पेन ड्राइव्ह लावायला रिसीव्हर घ्या, दोन स्पीकर घ्या," ते म्हणाले. "घुमारा पायजे तर एक सबवूफर. खोली केवढी हाय?"

"दहा बाय बारा."

"मंग एक बी जास्तीच हाय."

"सलीमभाई, ढोलकीला तोंडं किती?"

"दोन."

"मग वूफर एक कसा पुरेल?"

त्यांनी कपाळाला हात लावला. ती मी संमती समजलो. स्पीकरांसोबत दोन वूफर घेतले आणि त्यांना शोभेल असा दुकानातला सगळ्यांत जड रिसीव्हर निवडला.

परळीत राहणाऱ्याला पुढची काळजी सांगायला नको. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी औष्णिक वीज केंद्राच्या राखेत बोटाने सही करता येते. ही राख यंत्रात शिरली तर? माझी झोप उडाली. शिंप्याकडून रिसीव्हरला आणि दोन्ही वूफरना जाड रेक्झिनच्या तीन गवसण्या शिवून घेतल्या. रिसीव्हरच्या गवसणीला पुढे बटणांपुरती खिडकी ठेवली. मागे वायरींच्या फटीवर चिकटपट्टी मारली. इतका बंदोबस्त मी निवडणुकीत मतपेट्यांचाही केला नव्हता.

रविवारी दुपारी कमलच्या दोघी बहिणी आल्या. तिसऱ्या गाण्याआधी सासरे गर्दीतल्या लहानग्या कमलला हाक मारतात, ती ऐकायची होती. घरघर नको म्हणून मी पंखाही बंद केला. मे महिना, घामाच्या धारा, पण कुणी हललं नाही. दोन गाणी झाली. सासरे खाकरले.

आणि सगळं बंद पडलं.

"काय झालं वो?" कमलने विचारलं.

"लाइट गेली."

"बल्ब तर चालू हाय."

मी गवसणीच्या खिडकीतून हात घालून पेन ड्राइव्ह उपसला. चटका बसला. सासऱ्यांना मी दुसऱ्यांदा अग्नी दिला होता.

सलीमभाईंना फोन केला. विक्रीपश्चात जबाबदारी, ग्राहकाचे हक्क, सगळं ऐकवलं. ते बिचारे पंधरा मिनिटांत आले. गवसणी पाहून दारातच थबकले.

"हे कावून घातलंय, काका?"

"राख जाऊ नये म्हणून."

"आत हवा बी जाईना. मे महिन्यात तुमाला रजईत गुंडाळलं तर तुमी गाणं म्हणताल का?"

गवसणी निघाली. पंखा लागला. रिसीव्हर थंड होईस्तोवर अर्धा तास मी कमलच्या नजरेला नजर दिली नाही. मग सलीमभाईंनी पेन ड्राइव्ह लावला, आणि सासरे सुखरूप खाकरले. तेवढ्यात दोन्ही वूफरमधून ढोलकीचा असा गडगडाट उठला की भांडी थरथरली आणि सासरे काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही.

"न्हाई कळलं," कमल कसंनुसं बोलली.

सलीमभाईंनी एक वूफर बंद केला. माझ्याकडे पाहिलं. मग दुसराही बंद केला आणि तेवढंच पुन्हा लावलं.

सासऱ्यांची हाक आली, "कमे, तिथं ऊन हाय. फुडं येऊन बस."

साठीची कमल सतरंजीवर हातभर पुढे सरकली. मागे ढोलकी अगदी ढोलकीएवढीच वाजत होती.

गाणं संपल्यावर सलीमभाई हळूच म्हणाले, "वूफर परत नेऊ का, काका?"

"राहू द्या," मी म्हणालो. "निवड तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे."

कमलने डोळे पुसले आणि बहिणींना समजावून सांगितलं, "तांत्रिक म्हंजी, जे बंद केल्यावर चांगलं वाजतं ते."