सगळं दोन दोन दिसलं ती दुपार

बायको जाऊन चार महिने झाले होते. मी देवाशी बोलणं सोडलं होतं. खोटं कशाला सांगू, रागच आला होता त्याचा. त्यात डाव्या डोळ्याची पापणी इतकी खाली उतरली की मागावरचा तुटलेला धागा दिसेना. गिरणीतला जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, म्हणाला, "म्हातारबा, डोळा उघडून आणा, नाहीतर घरी बसा." म्हणून परळच्या एका इस्पितळात पापणी कापून वर घेतली.

कापण्याआधी बधीर करायचं इंजेक्शन दिलं. नंतर उठून बसतो तर दोन डॉक्टर, दोन दरवाजे. डावा डोळा झाकावा तर पापणी मिटता मिटेना, टाक्यांना हात लावायची मनाई; उजवा मिटला तर डाव्यानं नुसतं धूसर. डॉक्टर म्हणाले, "औषध आत पसरलंय. संध्याकाळपर्यंत उतरेल. बसून राहा." बायकोच्या तापाबद्दलही असंच सांगितलं होतं, उतरेल म्हणून. मी थांबलो नाही. भिंत धरत बाहेर पडलो.

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद. लालबागपर्यंत चालत जायचं, आणि समोर दोन रस्ते, माणसंही दोन दोन. जगात सगळं दुप्पट झालं, बायको मात्र एकसुद्धा नाही. फूटपाथच्या कडेला उभा राहून मी गावच्या देवावर ओरडलो, "रवळनाथा, आता डोळा पण घेतलास काय रे?"

"कुठं जायचं, बाबा?" मोर्च्यावरून परतणारा कुणी कामगार होता.

"लालबागला. देवानंच धाडलं रे तुला."

तो हसला. "आम्ही आता बौद्ध, बाबा. आमच्यात देव नाय. हात हाय, तो धरा."

मी धरायला गेलो तर मुठीत वारा. "अवो, तो नव्हं, ह्यो!" म्हणत त्यानंच माझा हात पकडला, तो चाळीच्या जिन्यापर्यंत सोडला नाही. वाटभर मी रडत होतो. त्याला वाटलं, डोळा दुखतोय.

दुखत होतं ते निराळं. शेवटच्या दिवशी बायकोनं खाटेवरून हात पुढे केला होता. चारचौघांत बायकोचा हात काय धरायचा, म्हणून मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी नजर जागेवर आली. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं. त्याला कुणी धाडलं, मला ठाऊक नाही. देव नाही असं तो म्हणाला, त्याला मी खोटं कसं पाडू? आता चाळीत कुणी आजारी पडलं की उशाशी बसतो, हात धरून. लाजत नाही. रवळनाथाशीही भांडत नाही. त्याला एवढंच म्हणतो: एका दुपारपुरताच डोळा घेऊन शिकवलंस, उपकार झाले तुझे. फक्त जरा आधी शिकवायचं होतंस, बाबा.