ईशानने पोळी मागितली, पण माझ्याकडे नाही

मंडळी, आज मी लोसावर जळतेय.

लोसा आणि मी इथल्या पॉलिटेक्निकमध्ये स्पेशल एज्युकेशनचा कोर्स करतोय. तिचं सरावासाठीचं प्लेसमेंट नेमकं माझ्या मुलाच्या शाळेत लागलंय. ईशान सहा वर्षांचा आहे, बोलत नाही. त्याच्यासाठीच तर मी हा कोर्स घेतला.

दुपारी तिचा फोन आला. ईशानने पोळीच्या चित्राचं कार्ड तिच्या हातात दिलं म्हणे, म्हणजे पोळी मागितली. तसंच कार्ड आमच्या फ्रिजवर केव्हाचं लावलंय. मला त्याने कधीच दिलं नाही.

"तू केलंस काय?"

"काही नाही गं. डबा जवळ ठेवला आणि थांबले."

मूल स्वतःहून मागेपर्यंत थांबायचं असतं, हे वर्गातलं मीच तिला समजावलं होतं.

संध्याकाळी मीही थांबायचं ठरवलं. ईशानने फ्रिजकडे नुसतं बघितलं आणि माझ्या हाताने तूप लावलेली पोळी त्याच्या ताटात वाढलीसुद्धा. लेकराला मागायला लावायचं, हे आमच्या घरात कुणाला जमलेलंच नाही.

उद्या डब्यात सँडविच द्यावं, असं मनात येतंय. पोळी दिली तर तो परत तिच्याकडेच मागेल.

तुम्ही काय दिलं असतं?