फोटो काढा

रविवारी सकाळी अंबरपेठेहून आत्याचा फोन आला. "अरे, तुझे मामा गेले."

मामा म्हणजे तिचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे मी घाबरलो नाही. पण आवाज रडवेला होता, म्हणून मुलीला घेऊन निघालो.

आत्याच्या फोनवर, निरोपांच्या ॲपमध्ये, तिच्या नावापाशी मामांचा फोटो असायचा. नामपल्लीच्या प्रदर्शनात भजी खाताना हसलेले मामा. बाकी सगळ्या फोटोंत ते ताठ बसलेले. ज्या फोनने हा काढला तो कधीच बंद पडला होता, तेव्हा हसणारे मामा एवढ्याच एका जागी उरले होते. आता तिथे आत्याच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर होतं.

हे ॲप माझ्या मुलीनेच सगळ्या घराला लावून दिलेलं. ते कुणा कंपनीचं नाही, ठिकठिकाणचे हौशी लोक मिळून बनवतात. त्यातलं मराठी भाषांतरही तेच करतात.

"आजी, पुसण्याआधी त्याने विचारलं असेल ना?" मुलगी म्हणाली.

"विचारलं की! फोटो काढायचा का, म्हणालं. मी म्हटलं, हो. नवा चष्मा आलाय, नको कशाला म्हणू?"

मुलगी गोंधळली. "बाबा, काढणे म्हणजे रिमूव्हच ना?"

"आणि कॅमेऱ्याने काय करतात?"

"फोटो का..." तिने जीभ चावली.

मला एकदम माझा जुना फोन आठवला. सिम काढून कपाटात ठेवलेला, पण ॲप त्यातही होतं. घरी येऊन तो चार्जिंगला लावला.

"नेट लावू नका!" मुलगी ओरडली. "नेट लागलं की तिथूनही जाईल."

नेट न लावता ॲप उघडलं. आत्याच्या नावापुढे छोट्या गोलात मामा हसत होते. मुलीने पडद्याचा फोटो काढला, म्हणजे आत्याच्या अर्थाने. गोलामुळे भज्यांची बशी कापली गेली होती. हसणं शाबूत होतं.

संध्याकाळी फोटो आत्याकडे पोचला. पण तो पुन्हा जाऊ नये याची सोय काय? शिवाय मला वेगळंच कुतूहल लागलं होतं. हा शब्द तिथे आला कसा? मुलीने इंटरनेटवर एक पान उघडून दाखवलं. कुणी कोणता शब्द बदलला आणि का, ते तिथे कुणालाही वाचता येतं. आधी 'काढून टाका' होतं. एकाने ते छाटून 'काढा' केलं होतं. कारणही दिलं होतं: छोट्या फोनवर शेवटचं अक्षर बटणाबाहेर पडतं. मी अक्षरं मोजली. काढून टाका, पाच. काढा, दोन. माणूस चुकला असं म्हणवेना. त्याने बटण नीट पाहिलं होतं. चष्मा लावून बसलेली आत्या त्याला दिसायचं काही कारण नव्हतं.

मी तिथेच सुचवलं: 'हटवा'. तीन अक्षरं, बटणात मावतात. एकाने उत्तर दिलं, हा शब्द हिंदी वाटतो, वयस्कर लोकांना कळेल का?

वयस्कर माणूस आमच्याकडे होतंच. फोन लावला.

"हटवा?" आत्या म्हणाली. "सुलतान बाजारात पाऊल टाकलं की 'हटो अम्मा, बाजू हटो' हेच ऐकते मी. न कळायला काय झालं? हटवा दिसलं तर हातच लावायची नाही."

तिचं बोलणं जसंच्या तसं तिथे लिहून टाकलं. पुढच्या सुधारणेत शब्द बदलला.

परवा तिच्याकडे गेलो होतो. मामा आपल्या जागी होते आणि खाली 'हटवा'. ती फोटो मोठा करून मला दाखवत होती, पण अंगठा मात्र मुठीत घट्ट मुडपून धरला होता.