माझ्या दुकानातून नेलेली मुलगी

नवऱ्याची रेल्वेतली नोकरी म्हणून आम्ही झाशीला आलो आणि इथलेच झालो. सीपरी बाजारात माझं शिवणाचं दुकान आहे. प्रेम नगरची एक मुलगी तिथे शिकायला यायची. वडील नव्हते, आई धुणीभांडी करायची. माझ्याच एका गोडबोल्या गिऱ्हाइकाने तिला हेरलं. त्या बाईचे ब्लाउज मी कितीतरी वर्षं शिवले होते. जयपूरला पार्लरमध्ये काम लावते, असं आईला सांगून ती पोरीला घेऊन गेली आणि परराज्यातल्या एका खेड्यात वयस्कर माणसाला बायको म्हणून विकून आली.

दुकानाच्या पाटीवरचा नंबर पोरीला पाठ होता. कुणाचा तरी मोबाइल हाती लागताच तिने मला फोन केला. "आंटी, मुझे ले जाओ." मी तशीच तो नंबर घेऊन पोलीस ठाण्यात गेले. पोलिसांनी तिला सोडवून आणलं, बाईला धरलं. त्या बाईचे अर्धवट शिवलेले ब्लाउज मी कात्रीने उभे चिरले. तरी हात शिवशिवतच होते.

जामिनावर सुटल्यावर ती बाई सरळ दुकानात आली. पोरगी मशीनवर बसली होती.

"भाभीजी, समझौता करवा दीजिए. बदनामी तो लड़की की ही होगी."

मी तिला हाताला धरून बाहेर काढणार, तोच पोरगी उठली. अशा केसमध्ये मुलीचं नाव छापता येत नाही, हे आमची केस बघणाऱ्या वकिलीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं.

"मेरा नाम कहीं नहीं छपेगा," ती म्हणाली. "आपका छपेगा."

बाईचा चेहरा उतरला. मला फार बरं वाटलं.

मग दर तारखेला मी दुकान बंद ठेवून कोर्टात जायची. साक्ष दिली, तीही तिच्याकडे बघत. पुढे तारखांवर तारखा पडल्या, पण मी व्हरांड्यात तिच्या समोरच बसायची. ती जागा बदलायची, मीही बदलायची.

शिक्षा झाली तेव्हा बाई मोठमोठ्याने रडायला लागली. "मेरे बच्चों का तो सोचो!"

"मेरी अम्मा का सोचा था?" पोरीने विचारलं.

पोलीस बाईला घेऊन गेले. आजूबाजूच्या बायका हळहळल्या. मला कणभरही दया आली नाही. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत आम्ही दोघी उन्हात उभ्या राहून बघत होतो.