तालीमवाले काका

कोणतीही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा न करता थेट दुसऱ्यांदाच करणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे तुमच्या आजोबांचे अटलांटातले मित्र. सगळे त्यांना 'तालीमवाले काका' म्हणत. कोणाला विमानतळावरून आणायचं असलं की हे आदल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन तिथवर जात, दारापाशी दोन मिनिटं थांबत आणि परत येत. चार माणसं जेवायला बोलावली तर आदल्या रात्री तोच स्वयंपाक करून, तितकीच पानं मांडून रिकाम्या खुर्च्यांना आग्रह करत. मंडळाच्या गणपतीत त्यांना आभार मानायचं काम मिळालं, तेव्हा आदल्या संध्याकाळी ते आमच्या हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांचे आभार मानून गेले. आजोबा पेपर वाचत होते, त्यामुळे टाळ्या मलाच वाजवाव्या लागल्या. आम्ही हसायचो, पण बेतानंच. मुलगी दहा वर्षांची असताना त्यांची बायको चार दिवसांच्या तापानं गेली होती. तेव्हापासून 'अचानक' हा शब्दच त्यांना सोसत नसे.

ती मुलगी, मीनल, शिकून नोकरीला लागली आणि निको नावाच्या ग्रीक मुलाशी लग्न करायचं म्हणाली. काका सहा महिने हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी निकोच्या आजीनं आम्हाला फ्लोरिडात टार्पन स्प्रिंग्जला बोलावलं. समुद्रातून स्पंज काढणारे पाणबुडे ग्रीसच्या बेटांवरून येऊन वसले, त्यांचं हे गाव. तिथे आजीचं हॉटेल होतं. मीनलनं बजावलं, "बाबा, रविवारी मला आन्सर हवंय. यस ऑर नो." बोलणी करायला घरचं माणूस हवं, म्हणून आजोबा आणि मी मीनलचे मामा-मामी झालो.

शनिवारी काका एकटेच गावभर हिंडून आले. मग मोटेलच्या खोलीत त्यांनी मला निकोची आजी केलं आणि खिशातल्या कागदावरून प्रश्न विचारले. "मुलाला राग येतो का?" आजीला फक्त ग्रीक येतं हे मीनलकडून कळलं होतं, म्हणून मी म्हटलं, "मला इंग्रजी येत नाही." ते म्हणाले, "वहिनी, चेष्टा नको, पुढचा प्रश्न ऐका."

रविवार फार सुंदर उजाडला. निळं पाणी, दोरीवर वाळत घातलेले स्पंज, कुठूनतरी भाजक्या माशांचा वास. निको हौसेनं गाव दाखवत होता, पण त्याच्या आधी काकाच बोलत. "आता डावीकडे चर्च येईल." चर्च आलं. "आता हा पाणबुड्या पितळी टोप घालून पाण्यात उतरेल." तो उतरला. मीनल त्यांच्याकडे बघतही नव्हती. निकोनं मधात मुरलेली मिठाई आणली, ती सगळ्यांच्या हातात तशीच राहिली. सहल कसली, परीक्षेच्या खोलीबाहेर उभे असल्यासारखे आम्ही फिरत होतो.

जेवायला आजी काकांच्या अगदी समोर बसली. काळा पोशाख, इंग्रजीचं अक्षर नाही, आणि नजर काकांवरून हलेना. आदल्या दिवशी तिथेच जेवून काकांनी मेनू पाठ केला होता. पण काही पदार्थ एकट्या माणसाला कोणी देत नाही. निकोच्या काकानं चीजचा तवा आणला, त्यावर ब्रँडी ओतली आणि काडी लावली. हातभर ज्वाळा उठली. ग्रीक मंडळी आनंदानं ओरडली, आणि आमचे काका "आजी, सरका! आग!" म्हणत उठले आणि पाण्याचा अख्खा जग त्यांनी पुढे फेकला. निम्मं पाणी चीजवर पडलं, निम्मं आजीवर.

आजीच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ती ग्रीकमध्ये एकच वाक्य बोलली. निको काही सांगणार, तोच मीनल खुर्ची सरकवून बाहेर धक्क्यावर गेली. मागोमाग काका गेले. मामी या नात्यानं मीही गेले.

"सगळं स्पॉइल केलंत, बाबा! नाहीच म्हणायचं होतं ना? मग सरळ म्हणा!"

"नाही कशाला म्हणू?" काका म्हणाले. "सहा महिने हो म्हणायची प्रॅक्टिस करतोय. गाडीत, आरशासमोर, आंघोळ करताना. शब्द ओठांपर्यंत येतो आणि आपलं घर दिसतं, तू नसलेलं. जमत नाही गं, मिनू."

मीनलनं त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "मग बॅडली म्हणा. मला चालेल."

काकांनी घसा खाकरला. "हो," म्हणाले, तर आवाजच फुटला नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी तो इतका मोठ्यानं निघाला की बोटीवरचा माणूस वळून बघायला लागला. मीनल हसता हसता त्यांच्या गळ्यात पडली, आणि मी उगाचच स्पंज बघायला लागले.

आत आलो तेव्हा आजी कोरडा एप्रन बांधून बसली होती. निको म्हणाला, "ती मघाशी विचारत होती, त्यांचा हात तर भाजला नाही ना?"

मीनल दोन दिवस तिथेच राहिली. परतताना आजोबा गाडी चालवत होते आणि काका मागे एकटे होते. आजीनं दिलेला मिठाईचा डबा शेजारच्या सीटवर ठेवला होता. मी एकदोनदा मागे वळून पाहिलं. वळण आलं की काका त्या डब्यावर हात ठेवत, शेजारी लहान मूल बसलं असलं की आपण ठेवतो तसा.